बोर्दो २०१६ : सहा बाटल्यांची पेटी घ्यायची आहे, कुठली आणि कशी?

वळीव

मंडळी, बोर्दोची लाल वाइन घ्यायची आहे, आणि साल २०१६च हवं. लेकीचं जन्मसाल आहे. पेटी फोडायची ती तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला, म्हणजे २०३७ मध्ये. मुक्काम लंडनला. बजेट सगळे कर आणि घरपोच खर्च धरून ४०० पौंड. सहापैकी दोन बाटल्या पुढेमागे पुण्याला न्यायच्या आहेत.

दुकानांच्या याद्यांत २०१६च्या नावाखाली अक्षरशः ढीगभर शातो (वाइन बनवणारे मळे) दिसतात, दहा-बारा पौंडांपासून कित्येक शे पौंडांपर्यंत. साल एवढं नावाजलेलं असेल तर स्वस्तातली का नको? आणि नको असेल तर रेघ कुठे ओढायची? जाणकारांनी जरा विस्कटून सांगावं.

तळघर

२०१६ हे वाट बघायला लावणारं साल आहे, त्यामुळे तुमचं गणित आपसूक जुळलंय. मुलगी २०१३ची असती तर बोर्दो सोडून दुसरीकडे बघा म्हणालो असतो.

आधी साल नेमकं का चांगलं ते बघू, कारण निवड त्यावरच ठरते. जानेवारी ते जून तिथे धो धो पाऊस झाला. जूनच्या सुरुवातीला फुलोऱ्याच्या दिवसांत नेमकी उघडीप मिळाली, त्यामुळे घड भरपूर आणि एकसारखे धरले. जूनच्या उत्तरार्धापासून मात्र पाऊस गायब. कोवळ्या वेलींना आणि रेताड जमिनीतल्या बागांना ऑगस्टमध्ये ताण बसला. जुन्या वेलींची मुळं खोल, आणि खाली हिवाळ्याचं पाणी मुरलेलं, त्या तरल्या. १३ सप्टेंबरच्या सुमारास पाऊस आला, अडलेली फळं पुन्हा पिकायला लागली. पुढे कोरडे दिवस आणि गार रात्री. काबर्ने सोविन्यों जातीची द्राक्षं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कुठलीही घाई न करता तोडता आली. यातून जी वाइन झाली तिच्यात टॅनिन (तोंड आवळणारा तुरट अंश) भरपूर पण बारीक पोताचं, आम्लता शाबूत, आणि अल्कोहोल बऱ्याच ठिकाणी १३ ते १३.५ टक्क्यांच्या आसपास. २००९ किंवा २०१८ची जी दणकट, पिकलेली गोडी आहे, ती इथे नाही. टिकण्यासाठी हेच हवं असतं.

आता स्वस्तातली का नको. दहा-बारा पौंडांची साधी बोर्दो मुळात तीन-पाच वर्षांत प्यायलाच बनवतात. एकरी पीक जास्त, बहुतेक मर्लो जातीची द्राक्षं, सालींसोबतचा मुरवणकाळ कमी, ओकच्या पिंपात ठेवलेली नाही किंवा नावापुरती. चांगल्या सालाने ती चविष्ट होते, दीर्घायुषी होत नाही. २०३७ मध्ये बाटलीत तपकिरी पाणी निघेल.

तुमची रेघ अशी ओढा: जिरोंद नदीच्या डाव्या काठावरचं मेदॉक, खडीची जमीन, काबर्नेचं प्रमाण निम्म्याच्या वर किंवा जवळपास. गावं म्हणजे पोइयाक, सें-ज्युलियें, सेंतेस्तेफ, आणि ओ-मेदॉकमधले मोजके. तुमच्या बजेटच्या टप्प्यातली नावं:

शातो लाग्रांज, सें-ज्युलियें. १८५५च्या वर्गवारीत (मेदॉकच्या शातोंचे पाच दर्जे लावणारी यादी) तिसरा दर्जा, १९८३ पासून जपानच्या सन्तोरीकडे. २०१६ला काबर्ने भरपूर, शिस्तीतली, वीस वर्षं सहज.

शातो लांगोआ बार्तों, तेही सें-ज्युलियें आणि तिसराच दर्जा. बार्तों कुटुंबाकडे १८२१ पासून. लाग्रांजपेक्षा जरा कडक, जुन्या वळणाची.

शातो बाताये, पोइयाक, पाचवा दर्जा. शिसपेन्सिलीचा आणि देवदाराचा वास आवडत असेल तर हीच.

शातो फेलाँ सेग्युर, सेंतेस्तेफ. वर्गवारीत नाही, म्हणून भाव माणसात.

शातो सोसियांदो-माले, ओ-मेदॉक. हीही वर्गवारीबाहेरची. तरुणपणी तोंड आवळून टाकते, म्हणून लोक नाकं मुरडतात. वीस वर्षांनी तेच लोक भाव विचारत येतात.

शातो कांतमेर्ल, पाचवा दर्जा. या यादीतली सगळ्यात नाजूक. २०३० पर्यंत मस्त, २०३७ला चालेल पण मी धोका घेणार नाही.

एक पथ्य पाळा. मोठ्या शातोंची दुसऱ्या नंबरची वाइन या कामासाठी घेऊ नका. कारुआद, फिएफ द लाग्रांज वगैरे नावं भारी वाटतात, पण ती कोवळ्या वेलींची आणि मुख्य वाइनमध्ये न बसलेली पिंपं असतात, लवकर प्यायच्या हिशेबाने जुळवलेली. लाफीतच्या नावामुळे कारुआदला जो भाव पडतो, तेवढ्यात अख्खा तिसऱ्या दर्जाचा शातो येतो आणि पैसे उरतात.

मर्लोमित्र

तळघर, डाव्या काठाचा एवढा आग्रह कशाला? २०१६ला उजव्या काठावरचे पोमरोल आणि सेंतेमिल्योंही जबरदस्त आहेत. काबर्ने फ्रां तर फारच देखणी झाली. आणि उजव्या काठाची वाइन वीस वर्षं टिकत नाही हा गैरसमज आहे.

तळघर

टिकते की. पण ४०० पौंडांत सहा बाटल्या आणि तेवढं टिकणारा पोमरोल, हे एकत्र बसत नाही. पोमरोल सगळा मिळून ८०० हेक्टरच्या आसपास, एकेक शातो इटुकला, भाव चढे. सेंतेमिल्योंत मिळेल, पण तिथे लेबल वाचताना सांभाळा. 'ग्रां क्रू' एवढंच लिहिलेलं असेल तर ती वर्गवारी नाही, नुसता अपेलासियोंचा, म्हणजे प्रदेशाच्या अधिकृत नावाचा प्रकार आहे. 'ग्रां क्रू क्लासे' हा वर्गवारीचा शब्द. त्यातही ती वर्गवारी दर दहा वर्षांनी बदलते. २०२२च्या फेरीतून ओझोन, शव्हाल ब्लां आणि आंजेल्यूस हे बडे शातो स्वतःहून बाहेर पडले, म्हणून काही ती वाइन उतरली नाही. १८५५ची यादी उलट जवळजवळ गोठलेली आहे. १९७३ मध्ये मुतों-रॉथशील्ड पहिल्या दर्जात गेला, तेवढाच ठळक बदल. म्हणजे एक यादी सतत भांडणात आणि दुसरी पावणेदोनशे वर्षं जुनी. दोन्हींकडे पत्ता म्हणून बघा, गुणपत्रिका म्हणून नको.

शंकासुर

पण गुणपत्रिका तर असतातच ना? १०० पैकी ९४, ९७ वगैरे. ९५च्या वरची घेतली की झालं, असं नाही का?

तळघर

नाही. तीन गोष्टी बघा.

एक, गुण पिंपातल्या नमुन्याचे आहेत की बाटलीचे? '९४-९६' असा पट्टा दिसला तर तो पिंपातला नमुना. वाइन तेव्हा सहा-सात महिन्यांची असते, अंतिम मिश्रणही कधीकधी ठरलेलं नसतं. २०१६ आता बाटलीत मुरलेली आहे, तेव्हा बाटलीचेच गुण वाचा, तेही शक्य तितके अलीकडचे.

दोन, गुणांसोबत प्यायचा काळ दिलेला असतो. तुम्हाला ९६ गुण आणि '२०२२ ते २०३२' यापेक्षा ९३ गुण आणि '२०२८ ते २०४५' कामाचे.

तीन, गुण देणारा कुठल्या चवीचा आहे. कुणाला पिकलेलं, ओकने माखलेलं आवडतं, कुणाला ताठ. एकाच वाइनवर तिघांचं वाचलं की अंदाज येतो. तिघांत एकजण ८८ देतोय आणि दोघं ९६, तर वाइन वाईट असेलच असं नाही, पण वळण टोकाचं आहे एवढं नक्की.

हिशेबनीस

आता पैशाचं बोलू. लंडनमध्ये अशा वाइनचे भाव बहुतेक 'इन बॉन्ड' लिहिलेले असतात, म्हणजे ड्यूटी आणि व्हॅट न भरता सरकारमान्य गोदामात पडून असलेल्या मालाचा भाव. नवखा माणूस तो आकडा वाचून खूश होतो आणि घरी बिल आल्यावर कपाळाला हात लावतो.

समजा सहाची पेटी बॉन्डमध्ये ३०० पौंडांना. फेब्रुवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये वाइनची ड्यूटी अल्कोहोलच्या टक्क्यावर आहे. १३.५ टक्क्यांच्या ७५ सेंटिलिटर बाटलीला साधारण ३ पौंड धरा, सहाला १८. झाले ३१८. त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे ३८१.६०. घरपोच आणायचे १२-१५ पौंड. झालं ४०० पूर्ण. तेव्हा वळीव, तुमच्यासाठी बॉन्डमधला भाव बाटलीमागे ५० पौंडांच्या आत असला पाहिजे. यादीत ५०च्या वर दिसलं की पुढे वाचूच नका.

पण थांबा, २०३७ पर्यंत ठेवणार कुठे? लंडनच्या फ्लॅटमध्ये उन्हाळ्यात खोली ३० अंशांवर जाते, तिथे तर नकोच. बॉन्डमध्येच ठेवली तर वर्षाला पेटीमागे साधारण १० ते २० पौंड भाडं, विम्यासकट, गोदामागणिक कमीजास्त. सहाच्या पेटीला काही ठिकाणी बाराचंच भाडं लावतात, आधी विचारा. दहा-बारा वर्षांचे हेच दीडशे-दोनशे होतात. म्हणून ४०० पौंड हे खरं बजेट असेल तर बाटलीचा भाव ३०-३५वर आणा, नाहीतर भाडं वेगळं धरा. फायदा एवढाच की व्हॅट आणि ड्यूटी माल बाहेर काढाल तेव्हा भरायची. तोटा हा की ड्यूटी त्या दिवशीच्या दराने, आणि तो दर कमी झालेला सहसा ऐकिवात नाही.

मर्लोमित्र

दुसरा मुद्दा. वळीव यांना २०१६च हवी, ठीक. पण धागा बाकीचेही वाचणार, म्हणून विचारतो. ज्यांना जन्मसालाचं बंधन नाही त्यांनी २०२२सारखं साल 'आँ प्रिमर' मध्येच उचलायला नको होतं का? सगळ्यात स्वस्त तेव्हाच मिळते म्हणतात.

हिशेबनीस

म्हणतात खरं. कोण म्हणतं, तर विकणारे.

आँ प्रिमर म्हणजे सुगीनंतरच्या वसंतात, वाइन पिंपात असतानाच पैसे भरायचे आणि बाटली साधारण दोन वर्षांनी हातात. शातोकडून कुर्तिए म्हणजे दलालामार्फत नेगोसियांकडे, म्हणजे तिथल्या घाऊक व्यापाऱ्याकडे, नेगोसियांकडून तुमच्या देशातल्या व्यापाऱ्याकडे, आणि मग तुमच्याकडे. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपला वाटा घेतो.

हे परवडलं केव्हा? २००५पर्यंत बऱ्यापैकी. आणि २०१९ला, कारण जून २०२०च्या विक्रीत कोविडच्या धास्तीने अनेक शातोंनी भाव २० ते ३० टक्के खाली आणले होते. साल उत्तम आणि भाव उतरलेला, असा योग क्वचित. उलट २०२२ला साल उत्तम म्हणून भाव चढवले, आणि त्याच सुमारास लंडनच्या लिव्ह-एक्स या वाइनबाजाराचे निर्देशांक घसरायला लागले. ज्यांनी तेव्हा उचलली त्यांना आज तीच वाइन बाजारात त्याच भावात किंवा खाली दिसते. २०२३च्या विक्रीला शातोंनी भाव चांगलेच खाली आणले, ते काही दानधर्म म्हणून नव्हे.

म्हणून माझा नियम साधा. त्याच शातोचं आधीचं तितकंच चांगलं साल, बाटलीत भरलेलं, बॉन्डमध्ये पडलेलं, आज काय भावाने मिळतंय ते बघा. नवीन साल त्यापेक्षा स्वस्त नसेल तर दोन वर्षं आधी पैसे अडकवायचं कारण नाही. २०१६, २०१९, २०२० ही तिन्ही मुबलक उपलब्ध आहेत. मोठ्या शातोंपैकी लातूर तर २०११च्या सालानंतर आँ प्रिमर मधून बाहेरच पडला, पिण्यायोग्य झाल्यावर विकतो.

आँ प्रिमर घ्यायला दोनच सबळ कारणं उरतात: माल फारच थोडा आहे, किंवा मॅग्नम (दीड लिटरची बाटली), अर्धी बाटली असा वेगळा आकार हवाय. तो तेव्हाच सांगून भरून घेता येतो.

मर्लोमित्र

पटलं. कोवळ्या २०२२चं कौतुक मात्र मागे घेत नाही. इतक्या उष्ण वर्षात एवढा ताजेपणा राहिला हे नवलच.

हिशेबनीस

कौतुक खुशाल करा, पैसे थांबून द्या.

अजून एक, हे महत्त्वाचं. पैसे भरलेला माल तुमच्या नावावर कुठे नोंदलाय ते बघा. व्यापाऱ्याच्या 'राखीव' साठ्यात तुमची पेटी 'धरलेली' असेल आणि व्यापारी बुडाला, तर पैसे येणं असलेल्यांच्या रांगेतले तुम्ही एक. गोदामात तुमच्या नावाचं स्वतंत्र खातं आणि पेटीचा नोंदणी क्रमांक असेल तर पेटी तुमची. क्रमांक लेखी घ्या. गोदामाला थेट विचारून तो जुळतो का तेही बघा. एका ईमेलचं काम आहे.

काचेपलीकडे

बाटली कशी तपासायची यावर कुणीच बोललं नाही. २०१६ म्हणजे अजून पोर आहे, पण दहा वर्षांतसुद्धा वाटोळं करता येतं. मागायचे फोटो असे: पेटीचं झाकण आणि दोन्ही अरुंद बाजू, सहाही बाटल्या उभ्या करून खांद्यापासून वर, आणि कॅप्सूल (कॉर्कवरचं आवरण) वरून.

पातळी. या वयाच्या बोर्दोत वाइन मानेतच असायला हवी, कॉर्कच्या खाली बोटभर अंतर. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीत मानेच्या तळाशी आलेली चालते, तिशीच्या पुढे खांद्याच्या वरच्या टोकाला. २०१६ची बाटली आजच मानेच्या तळाशी असेल तर ती तापलीय किंवा कॉर्क गळतंय. सहापैकी एकीचीच पातळी खाली असेल तर कॉर्कचा दोष. सहाही सारख्याच खाली असतील तर पेटी कुठेतरी उन्हात पडून राहिली होती. दुसऱ्या प्रकारात सूट देतो म्हणाले तरी घेऊ नका.

कॅप्सूल. आडवी धरून उजेडात बघा. मधोमध वर फुगलेली असेल तर कॉर्क बाहेर सरकलंय, म्हणजे वाइन गरम होऊन प्रसरण पावली होती. कडेला चिकट तपकिरी ओघळ दिसला तर गळती. कॅप्सूल हाताने फिरली पाहिजे असा एक ठोकताळा सांगतात, तो अर्धाच खरा. फिरली तर गळती नाही असं धरता येतं, पण न फिरणाऱ्या कॅप्सूल कित्येक शातो मुळातच घट्ट बसवतात.

लेबल. ओलीने डागाळलेलं, कडा कुरतडलेलं लेबल बघून घाबरू नका. दमट तळघराची खूण आहे, कॉर्कला ते मानवतं. करकरीत कोरं लेबल आणि खाली गेलेली पातळी ही जोडी वाईट.

इतिहास. 'थेट शातोतून' किंवा 'नेगोसियांच्या गोदामातून' आलेली सगळ्यात बरी. नाहीतर बॉन्डमध्ये कुठल्या तारखेला दाखल झाली ते विचारा. २०१६ची पेटी २०१९ मध्ये दाखल आणि तेव्हापासून हललेली नाही, असं असेल तर डोळे झाकून घ्या. बाहेर कुणाच्या घरी राहून पुन्हा गोदामात आलेली पेटी कर भरलेली म्हणून विकतात. ती स्वस्त का आहे, हे आता कळलं असेल.

शंकासुर

आणि नकली बाटल्या?

काचेपलीकडे

५० पौंडांची लाग्रांज नकली करून कुणाचं पोट भरणार? तो रोग पेत्रूस, लाफीत, रोमाने-कोंतीचा. तिथे मात्र खरा. रूडी कुर्नियावानला २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं तो याच धंद्यात. पकडला कसा गेला ते बघण्यासारखं आहे. त्याच्याकडून लिलावाला आलेल्या बरगंडीत पोंसो घराण्याची १९४५ वगैरे सालांची क्लो सें-दनी होती, आणि पोंसोंनी ती वाइन १९८२च्या आधी कधी बनवलीच नव्हती. काच, कागद, लाख हे सगळं हुबेहूब जमतं, साल-नावाची जोडी चुकते. महाग जुनी बाटली घेताना आधी ती त्या साली अस्तित्वात होती का, एवढं तरी बघावं.

गारोनकाठ

तुलूझहून लिहितोय. फ्रान्समध्ये घेणाऱ्यांसाठी आणि वळीव यांच्यासाठीही.

इथे भाव दोन प्रकारे दिसतात, कर सोडून आणि करासकट. मधला फरक २० टक्के टीव्हीएचा, म्हणजे इथल्या व्हॅटचा. आँ प्रिमर चे भाव बहुतेक कर सोडून. सप्टेंबरमध्ये सुपरमार्केटांचे वाइनमेळे लागतात, लक्लेर, कारफूर, ओशां सगळ्यांचे. त्यात मधल्या दर्जाचे शातो लाकडी पेटीत येतात, पण अलीकडची सालं. जुन्या सालांसाठी बोर्दोतलं मिलेसिमा किंवा लिलावासाठी आयडिअलवाइन. लिलावात खरेदीदाराचं कमिशन वरून लागतं, बोली लावताना ते धरा. बाटलीची अवस्था लिहिलेली असते, ती शब्दन्‌शब्द वाचा.

लंडनहून बोर्दोला गाडीने किंवा रेल्वेने जाणं होत असेल तर परतताना ब्रिटनमध्ये माणशी १८ लिटर साधी (बुडबुडे नसलेली) वाइन ड्यूटीशिवाय नेता येते, स्वतःसाठी. म्हणजे ७५ सेंटिलिटरच्या २४ बाटल्या. सहासाठी मुद्दाम जाऊ नका, प्रवासखर्चात शातो येईल. जाणारच असाल तर फायदा. शिवाय युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्याला एका दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी केली की करपरतावा मिळतो. कागद दुकानातूनच करून घ्यायचा आणि निघताना कस्टम्सच्या पाब्लो यंत्रावर स्कॅन करायचा. बाटल्या बॅगेत टाकून बॅग आधीच काउंटरवर दिली आणि कस्टम्सने माल दाखवा म्हटलं की परतावा गेला.

शातोत थेट जाऊन स्वस्त मिळेल ही आशा ठेवू नका. मेदॉकचे मोठे शातो दारात विकतच नाहीत किंवा दुकानापेक्षा महाग विकतात. लहान आणि क्रू बुर्जुआ (१८५५च्या यादीबाहेरचे मेदॉकचे शातो) मंडळी विकतात, तीही आधी वेळ घेऊन गेलात तर.

सिंहगड_रोड

पुण्याच्या दोन बाटल्यांचं बघू.

भारतात उतरताना माणशी २ लिटर मद्य ड्यूटीशिवाय. ७५ सेंटिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, चालतात. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात आणि ड्यूटी लागते. उरलेला अर्धा लिटर वाया घालवायचा नसेल तर एक अर्धी बाटली, ३७.५ सेंटिलिटरची, बसते. एक मॅग्नम म्हणजेही दीड लिटरच.

भारतात आयात होणाऱ्या वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क बसत आलं आहे. बंदरात ३००० रुपयांना पडलेली बाटली तिथेच ७५०० होते. पुढे आयातदार, राज्याचं उत्पादनशुल्क, दुकानदार. म्हणून इथे दुकानात बरं साल शोधण्यात अर्थ नाही. एकतर भाव, आणि दुसरं म्हणजे ती बाटली मे महिन्यात कुठल्या गोदामात होती ते कुणी सांगत नाही. मुंबई-पुण्यात आयात बोर्दो घ्यायचीच तर मागच्या स्टिकरवर आयातीची तारीख बघा. काउंटरमागे उजेडाच्या फळीवर उभी ठेवलेली असेल तर दुसरं दुकान धरा.

बॅगेत आणताना: भरलेली बाटली सव्वा-दीड किलोची, कपड्यांत गुंडाळून मधोमध, आडवी. फुगवायच्या पिशव्या मिळतात त्या उत्तम. एप्रिल-मे टाळा. विमानात काही होत नाही, पण धावपट्टीवर सामानगाडी उन्हात अर्धा तास उभी राहते ती घात करते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणा. पोचल्यावर निदान तीन-चार आठवडे बाटली हलवू नका, उघडू नका.

घरी ठेवायची तर वाइनचाच फ्रिज, १२ ते १४ अंश. नेहमीच्या फ्रिजमध्ये ४-५ अंश आणि कोरडी हवा, महिनाभरापलीकडे कॉर्क आक्रसायला लागतं. पुण्यात खरा प्रश्न विजेचा. फ्रिज इन्व्हर्टरवर घ्या, आणि भिंतीपासून हातभर सोडा, नाहीतर कॉम्प्रेसर उन्हाळ्यात सतत चालतो आणि बाटल्या थरथरत राहतात. सोप्पं सांगू? त्या दोन बाटल्या लंडनच्या गोदामातच राहू द्या आणि २०३७च्या जानेवारीत घेऊन या.

आणि हो, परवाना. महाराष्ट्रात मद्य बाळगायला-प्यायला परवाना लागतो, आणि वाइनसाठी वयाची अट २१. लेकीचा वाढदिवस बरोबर रेघेवर येतोय.

वळीव

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. जेवणाचं कुणी सांगेल का? पुण्यात मटण होणारच.

मर्लोमित्र

तांबडा रस्सा नको. तिखट आणि टॅनिन एकत्र आलं की तिखट दुप्पट लागतं आणि वाइन कडू. मिरी, आलं-लसूण आणि तुपावरचं सुकं मटण, मिरची बेताची, हे छान जमतं. चिंच-कोकमही बाजूला ठेवा. पांढरा रस्सा चालतो, पण तोही सौम्य.

काचेपलीकडे

उघडण्याचंही आत्ताच लिहून ठेवतो, तोवर धागा खाली गेलेला असेल.

दोन दिवस आधी बाटली उभी करा, गाळ तळाशी बसू दे. प्यायचं तापमान १६ ते १८ अंश. पुण्यात 'खोलीच्या तापमानाला' म्हणजे २८, त्यात नुसती दारूच वास मारते. कॅप्सूल पूर्ण काढा, कॉर्कची कड ओल्या फडक्याने पुसा. वीस वर्षांचं कॉर्क मऊ झालेलं असतं, नेहमीचा मळसूत्री स्क्रू मधोमध भोक पाडून अर्धं कॉर्क वर आणतो. दोन पात्यांचं ओपनर वापरा: लांब पातं आधी कॉर्क आणि काचेच्या मध्ये, मग आखूड, दोन्ही आळीपाळीने दाबत खाली, आणि फिरवत वर. ओढायचं नाही. मग बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा दिवा धरून एका दमात डिकँटरमध्ये ओता. गाळाची काळी रेघ मानेत आली की थांबा, तळाशी दोन बोटं राहू द्या. लाग्रांजसारखीला तास-दीड तास हवा पुरे.

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर तो कॉर्कचा टीसीए दोष. हवा देऊन जात नाही. दुसरी बाटली उघडा. म्हणूनच पुण्याला एक न नेता दोन नेताय ते बरं.

वळीव

ठरलं तर: लाग्रांज २०१६, सहाची मूळ लाकडी पेटी, बॉन्डमध्ये स्वतःच्या खात्यात. भाडं वेगळं धरलं. शिवाय त्याच वाइनच्या दोन अर्ध्या बाटल्या मिळाल्या तर घेईन, २०३० आणि २०३४ला उघडून बघायला.

तळघर

अर्ध्या बाटल्यांची कल्पना झकास, फक्त त्या पूर्ण बाटलीपेक्षा लवकर पिकतात हे ध्यानात ठेवा. २०३४ला अर्धी उतरणीला लागल्यासारखी वाटली तरी पेटी घाईने फोडू नका. लाग्रांज भावात बसली नाही तर सोसियांदो-माले घ्या, कांतमेर्लकडे वळू नका.

हिशेबनीस

ऑर्डर देताना चार ओळी लेखी मागा: बॉन्डमधला भाव की कर धरून, पेटी मूळ आणि न उघडलेली आहे का, बॉन्डमध्ये दाखल झाल्याची तारीख, आणि तुमच्या खात्यात हलवायचे वेगळे पैसे लागतात का. शेवटचं बरेच जण विचारत नाहीत आणि पेटीमागे काही पौंड गुपचूप लागतात. विम्याची रक्कम खरेदीच्या किमतीवर आहे की चालू बाजारभावावर, तेही बघून घ्या. २०३७ पर्यंत दोन्हींत बराच फरक पडलेला असेल.